मीठ कमी, किंमत तीच

...नाही, त्या तयार जेवणाच्या डब्याला तो कोपरा असतो ना, ज्याच्यावर बाण काढून 'इथून ओढा' असं लिहिलेलं असतं, तो कोपरा आजवर कुणाच्या हाताला लागलाय का, तुम्हीच सांगा. आधी नखानं खरवडायचं, मग दातानं ओढायचं, मग वैतागून सुरी घ्यायची, आणि सुरी लावली की तो वरचा पातळ प्लास्टिकचा पडदा असा फाटतो की अर्धा रस्सा तुमच्या बाहीवर आणि उरलेला... बरं, आत काय उरतं ते नंतर, आधी खोक्यावरचं चित्र बघा. चित्रात गाजराचे जाडजूड तिरके काप, वाटाणे कसे चकाकताहेत, भाताचा दाणा न् दाणा मोकळा आणि वर वाफ. वाफ, अहो. फ्रीजमधल्या गारठलेल्या खोक्यावर वाफ छापलेली असते. आणि आत? आत भाताची एक वीट, विटेशेजारी तपकिरी डबकं, आणि डबक्यात गाजर... मी शोधलं एकदा. चमच्यानं रस्सा बाजूला सारत सारत, मोरीत पडलेली अंगठी शोधावी तसं. सापडले दोन-तीन तुकडे, नखाएवढे, आणि त्यातला एक तर बटाटा निघाला, संगतीनं लाल झालेला.

तर मी आईला म्हटलं, "आई, हे जेवण नाही, ही जेवणाची अफवा आहे."

आता यात मी काय चुकीचं बोलले, सांगा.

आई म्हणाली, "अफवा तर अफवा, गरम आहे तोवर खा."

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही कोण गाजरं शोधत फिरणारी. मी बरीच वर्षं लांब होते, शिकायला. अन्नशास्त्र. असतो, असाही विषय असतो. आई सगळ्यांना सांगायची, "मुलगी जेवणाचं शिकायला गेलीय," आणि शेजारच्या मावशी विचारायच्या, "का गं, इथे उपाशी होती का?" तिकडे मी भाषणं करायचे, 'प्रत्येकाच्या ताटात चांगलं अन्न' या विषयावर, टेबलावर मूठ आपटून, आणि प्राध्यापक टाळ्या वाजवायचे, आणि मग आम्ही सगळे मिळून कँटीनमध्ये जाऊन थंडगार सँडविच खायचो, पण ते सोडा. मी ठरवलं होतं, परत जायचं. जे शिकले ते आपल्या माणसांसाठी वापरायचं. आणि आपली माणसं म्हणजे, भाषण बाजूला ठेवून सांगते, एकच. आई.

परत आले त्या संध्याकाळी मला सगळ्या प्रवासात एकच दिसत होतं, आईच्या हातचं, गॅसवर शिजलेलं, पातेल्याच्या बुडाला जरासं लागलेलं असं काहीतरी, काहीही. आई म्हणाली, "दमली असशील, हातपाय धू, मी गरम करते." गरम करते. हे दोन शब्द ऐकून, खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग स्वयंपाकघरातून आवाज आला, घूंऽऽऽ... आणि टिंग.

मी फ्रीज उघडला तर खोकी. एकावर एक, विटांसारखी रचलेली, जणू आईनं आत भिंत बांधायला काढलीय. भाजीच्या कप्प्यात काय, तर घड्याळाचे सेल. "गारव्यात टिकतात," आई म्हणाली. मी टेबलाशी बसले आणि खोक्याच्या मागचं बारीक अक्षर वाचायला लागले, कारण मला तेच तर शिकवलंय, आणि माझ्या लक्षात आलं की या एका खोक्यात इतकं मीठ आहे की समुद्रानं लाजावं. मी वाचतेय, वाचतेय, आणि आई माझ्या हातातून खोकं काढून घेत म्हणाली, "जेवताना वाचू नये."

दोष आईचा नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण मागे बसलेल्या ताई आत्ताच मान हलवायला लागल्यात. आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते. तुम्ही हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरी बघितल्या असतील, त्या घड्या कोण घालतं असं कधी मनात आलंय? दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, चादरीचे दोन कोपरे हिच्या हातात, दोन तिच्या, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा, मागे जायचं, परत यायचं. दिवसभर. नाचासारखं दिसतं, फक्त चादरी गरम असतात आणि गाणं नसतं. संध्याकाळी घरी आल्यावर तिचे हात खांद्याच्या वर जात नाहीत, केस बसून, मान खाली घालून विंचरते. ही बाई आता कोबी चिरणार? आणि कोबी काय फुकट मिळतो? एक कोबी, चार गाजरं, वाटाणे असं सुटं घ्यायला जा, तेवढ्यात दोन डबे येतात. आणि डबा कुजत नाही, डब्याला फोडणी नको, पातेलं घासायला नको. आईचा हिशोब अगदी बरोबर आहे. म्हणून तर मला राग येतो. चुकीच्या हिशोबावर रागावता येतं हो, बरोबर हिशोबावर कसं रागवायचं?

पण चक्कर आली होती तिला. मी यायच्या थोडं आधी. घडी घालता घालता, चादर अर्धी दुमडलेली, आणि आई चादरीसकट खाली बसली. समोरची मैत्रीण बराच वेळ आपले कोपरे धरून उभी, तिला वाटलं हिनं नवीन पद्धत काढली. हे आईनं मला हसत हसत सांगितलं. मी नाही हसले. मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि डॉक्टर वर न बघता म्हणाले, "प्रेशर फार आहे. पुढच्या वेळी नुसत्या चकरेवर भागणार नाही. मीठ बंद करा. वरून मीठ घेता?"

आई म्हणाली, "चिमूटभरसुद्धा नाही. मिठाची बरणी कधी उघडलेली आठवत नाही."

खरं होतं ते. अगदी शपथेवर खरं.

"बाहेरचं खाता?"

"छे हो. रोज घरीच जेवते."

"छान," डॉक्टर म्हणाले, "तेच चालू ठेवा."

मी कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हटलं, "डॉक्टर, घरी म्हणजे घरात बसून, पण जेवण जे आहे ते..." आणि दारातून पुढचा पेशंट आत. रस्त्यात मी आईला म्हटलं, "तू डॉक्टरांशी खोटं बोललीस." ती जागच्या जागी थांबली. "काय खोटं बोलले? घरी जेवत नाही मी? रस्त्यावर जेवते?"

आता सांगा, मी काय चुकीचं बोलले?

मग मी स्वयंपाक हातात घेतला. हसू नका. अन्नाचं शास्त्र येतं म्हणजे अन्न येतं असं नाही, हे मला मान्य आहे, पोहण्यावर पुस्तक वाचून विहिरीत उडी मारली तर जे होतं तेच झालं. पहिल्या दिवशी जळलं, दुसऱ्या दिवशी कच्चं, पण नंतर जमलं हो. गाजर गाजरासारखं, वाटाणा वाटाण्यासारखा, मीठ डॉक्टर म्हणतील तेवढं. आई पहिला घास घ्यायची, हळूहळू चावायची, आणि पाहुण्यांकडे जेवायला गेल्यासारखी म्हणायची, "छान झालंय गं... काहीतरी कमी आहे, पण छान झालंय." काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं, आणि तिच्या जिभेला माहीत होतं.

आणि मग एक दिवस मी आंघोळ करून बाहेर आले तर घरात वास. डब्याचा वास. तो तपकिरी वास. आई खुर्चीत बसलेली, तोंड मिटलेलं, गाल जरा फुगलेले. पण टिंग वाजलंच नव्हतं, मी कान देऊन होते. मग पुढच्या वेळी मी नळ सोडला आणि बाथरूमच्या दाराच्या फटीतून बघितलं. माझी आई, जी मला शाळेत असताना खोटं बोलू नकोस म्हणून कोपऱ्यात उभी करायची, ती मायक्रोवेव्हसमोर उभी होती, एक हात दाराच्या मुठीवर, डोळे उलट मोजत जाणाऱ्या आकड्यांवर, आणि शेवटचा आकडा शून्य व्हायच्या आत तिनं दार उघडलं. खट्. टिंग नाही. काय सफाई होती, अहो, एखाद्या तिजोरी फोडणाऱ्याची.

मी बाहेर आले. ती म्हणाली, "तू नळ चालू ठेवून काय करतेस? पाणी वाया जातं."

तेव्हा मी मनाशी म्हटलं, घरात लढून उपयोग नाही. जिथून हा डबा येतो तिथे गेलं पाहिजे. आणि तो येतो कुठून, तर आमच्याच गावाच्या टोकाला, मोठी फॅक्टरी, धुराड्यातून रश्श्याचा धूर. मी अर्ज केला. माझी पदवी बघून त्यांनी लगेच घेतलं. 'गुणवत्ता विभाग' अशी पाटी दारावर, आत एक टेबल, एक बेसिन आणि मी. मला वाटलं, आता बघा. आतून बदल करायचा. भाषणातलं वाक्य होतं ते माझ्या, 'बाहेरून दगड मारण्यापेक्षा आतून खिडकी उघडा.' यात तरी काही चुकीचं आहे का, सांगा.

आता तिथली पद्धत ऐका, कारण ही पद्धत समजली की सगळं समजतं. रोज सकाळी चव बघायची. चव कोण बघतं, तर फॅक्टरीतलीच माणसं, हिशोबनीस, ड्रायव्हर, फाटकावरचा वॉचमन, आणि सगळ्यांत ज्येष्ठ अशी एक बाई, जिला सगळे जीभबाई म्हणतात, फॅक्टरी उघडल्यापासून ती चाखतेय. प्रत्येकासमोर तीन छोटे कप. दोन कपांत हल्लीचा रस्सा, एका कपात नवा. सांगायचं फक्त एवढंच, की वेगळा कुठला. चांगला कुठला हे विचारतच नाहीत. वेगळा कुठला. आणि कुणालाच वेगळा ओळखता आला नाही, तर नवा पास.

आणि नवा म्हणजे काय? नवा म्हणजे जरा स्वस्त. गाजर थोडं कमी, पीठ थोडं जास्त. कुणाला कळत नाही, पास. पुढच्या वर्षी तोच नवा रस्सा जुना होतो, आणि त्याच्या शेजारी आणखी जरा स्वस्त रस्सा येऊन बसतो. गाजर आणखी कमी. कुणाला कळत नाही, पास. म्हणजे बघा, तुम्ही रोज शेजाऱ्याचं कुंपण बोटभर सरकवलंत तर कुणाला कळणार आहे? आणि एक दिवस शेजारी स्वतःच्याच घराबाहेर उभा. आणि जे जे काढलं, त्याच्या जागेवर कोण येऊन बसलं? मीठ. बसमध्ये कुणी उठलं की दुसरा लगेच बसतो ना, तसं. गाजर उठलं, मीठ बसलं. टोमॅटो उठला, मीठ बसलं.

मी जीभबाईंना विचारलं, "ताई, पहिला कसा होता? अगदी पहिला?"

त्या म्हणाल्या, "कसला पहिला?"

"फॅक्टरी सुरू झाली तेव्हाचा रस्सा. तुम्ही तर चाखलाय."

त्यांनी खूप आठवून बघितलं. बेसिनपाशी उभं राहून, चूळ भरून, डोळे मिटून. मग म्हणाल्या, "चांगला असणार गं. आम्ही तेव्हा तरुण होतो."

मी त्या रात्रभर, नाही, खोटं कशाला, झोप लागली मला, पण सकाळी उठल्या उठल्या मी ठरवलं की आता बोलायचं. आमचे साहेब, त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणतात, कारण ते सकाळी भेटले तर "आज ऐंशी टक्के बरं वाटतंय" असं सांगतात. मीटिंग होती. मी उभी राहिले आणि बोलले. कुंपणाचं बोलले, बसचं बोलले, टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा ग्लास पडला, हिशोबनीस आपली फाइल उचलून मागे सरकला, पण मी थांबले नाही. मी म्हटलं, "साहेब, हे खाणारी माणसं आहेत. दिवसभर उभं राहून काम करणारी. त्यांना चक्कर येते." आईचं मी काही सांगितलं नव्हतं हां तिथे कुणाला.

साहेब शांतपणे म्हणाले, "पटलं. शंभर टक्के पटलं. मीठ किती हवं? मला आकडा द्या."

मी गोंधळलेच. विरोध करणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला येत होतं, पटलं म्हणणाऱ्याचं काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? आमचं टेबल, त्यावर एक डबा, आणि डब्यासमोर आई. एक डबा, एक आई. मी म्हटलं, "एका डब्यात आत्ता जेवढं मीठ आहे, त्यातलं तीस टक्के काढा."

साहेब म्हणाले, "एका डब्यात."

मी म्हटलं, "एका डब्यात."

ते म्हणाले, "बघा हं, एका डब्यामागे तीस टक्के कमी."

"हो," मी म्हटलं, आणि वर शेवटचा टोला हाणला, "आणि किंमत वाढवायची नाही."

"किंमत तीच," साहेब म्हणाले, आणि माझ्याशी हात मिळवला.

इथे चुकलं. तुम्हाला मी सारखी विचारतेय ना, काय चुकीचं बोलले, तर हे. पण तेव्हा कुणाला कळतंय? मी त्या दिवशी बसनं आलेच नाही, चालत आले, उड्या मारत. आईला सांगितलं. आईनं शेजारच्या मावशींना सांगितलं, दुसऱ्या दिवशी अख्ख्या धुलाईखान्याला सांगितलं. धुलाईखान्यातल्या बायका म्हणे चादर हातात धरून ऐकत होत्या. "माझ्या मुलीनं साहेबांसमोर मूठ आपटली," आई त्यांना करून दाखवत होती, आणि हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून कमरेपाशीच आपटत होती.

मग चवीचा दिवस आला. तीन कप. दोन जुने, एक नवा, कमी मिठाचा. हिशोबनीसाला ओळखता आला नाही. ड्रायव्हरला नाही. वॉचमनला नाही. जीभबाईंनी तीनही कप दोनदा चाखले, चूळ भरली, म्हणाल्या, "सारखेच. चला, जेवायला जाऊ." मी चाखले. मलाही ओळखता आला नाही. आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. एवढं मीठ काढलं आणि कुणाच्या जिभेला पत्ता नाही. मला वाटलं हा विज्ञानाचा चमत्कार आहे. मी माझ्या प्राध्यापकांना कळवलं. त्यांनी उत्तरात टाळ्यांचं चित्र पाठवलं.

डबा दुकानात आला. तेच खोकं, तेच चित्र, तीच छापील वाफ, आणि कोपऱ्यात हिरवा गोल, 'मीठ ३०% कमी, किंमत तीच.' आईनं पहिल्याच दिवशी आणला. मी टेबलाशी बसले, हातावर हनुवटी ठेवून, पहिल्यांदाच मनात काही न खुपता तिला जेवताना बघत. टिंगसुद्धा वाजू दिलं तिनं. जेवली. चव तशीच आहे म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "हलकं वाटतंय. मीठ काढलं की अन्न हलकं होतं का गं?"

मी म्हटलं, "पचायला हलकं होतं."

असं काही नसतं. पण आनंदात माणूस काय वाटेल ते शास्त्र सांगतो.

आता आईची एक सवय. ती डब्याचा आतला प्लास्टिकचा ट्रे फेकत नाही. धुते, पुसते आणि ओट्याखाली एकात एक घालून ठेवते, अशी चळतच्या चळत आहे, कशासाठी ते विचारू नका, "लागतात," एवढंच उत्तर आहे. त्या दिवशी तिनं ट्रे धुतला आणि चळतीत घालायला गेली, तर तो बसेना. दाबला, बसेना. फिरवला, बसेना. "बघ गं, वाकडा आलाय वाटतं." मी हातात घेतला. वाकडा नव्हता. उलटा केला. ट्रेचा तळ खालून आत ढकललेला होता, असा खोल, त्यात माझी मूठ बसली. बाहेरून तेवढाच, कडा तेवढ्याच, आणि आत तळ वर आलेला, पाणी ओसरलेल्या विहिरीसारखा. मीठ तीस टक्के कमी. भात तीस टक्के कमी. डबकं तीस टक्के कमी. तीन कपांत तोच रस्सा होता, अहो, शंभर टक्के तोच, आणि मी त्याला चमत्कार म्हणत होते. कपातून चाखलं तर डबा केवढा ते कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले. मूठ नाही आपटली, मूठ ट्रेमध्ये घालून दाखवली. साहेब अजिबात चिडले नाहीत. उठून दार लावलं, मला बसायला सांगितलं, आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तसंच झालंय. एका डब्यामागे. मी विचारलं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि एक सांगू? भाज्या महागल्यात. आम्ही किंमत वाढवणारच होतो. वाढवली असती तर दिवसभर उभं राहून काम करणारी तुमची ती माणसं, त्यांनी काय खाल्लं असतं? तुमच्यामुळे किंमत तीच राहिली. तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे." आणि ते मनापासून बोलत होते हो. तेच तर. समोरचा लबाड असला की माणसाला बरं वाटतं. हा चांगला होता. मी दारापर्यंत गेले तर मागून म्हणाले, "साखरेचं काय करू या? आकडा द्या."

मी आकडा दिला. या वेळी शंभर ग्रॅममागे दिला. ते म्हणाले, "ते जरा अवघड आहे," आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. नोकरी का सोडली नाहीस म्हणाल, तर सोडली की माझ्या जागी कुणीतरी येऊन बसेल, आणि कोण बसतं ते तुम्हाला सांगितलंय मी.

पण हे सगळं एकीकडे. घरी काय झालं ते ऐका. आईचं त्या एका डब्यात भागेना. कसं भागेल? मग ती दोन खायला लागली. उघड, माझ्यासमोर, टिंग वाजवून. "कमी मिठाचा आहे ना," म्हणाली, "दोन खाल्ले तरी चालतात. डॉक्टरांचं ऐकायला नको?" म्हणजे आधीच्या एका मोठ्या डब्यात जेवढं मीठ होतं त्याहून जास्त आता तिच्या पोटात, आणि पैसे दुप्पट, आणि हे सगळं माझ्या कर्तृत्वानं. डॉक्टरांकडे गेलो तर प्रेशर वर. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी केलंत का?" आई म्हणाली, "माझ्या मुलीनं सगळ्या गावाचं कमी केलंय."

मी त्या संध्याकाळी बोलायचं ठरवलं. तिच्यासमोर बसले. म्हटलं, "आई, ऐक. हा डबा तोच आहे. मीठ कमी नाही केलं त्यांनी, डबाच कमी केलाय."

तिनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे मी जे मागितलं ते... त्यांनी दुसऱ्या तऱ्हेनं दिलं."

"म्हणजे तू काहीच नाही केलंस?"

असं टोचून नाही विचारलं तिनं. नुसतं विचारलं. अहो, ही बाई दुकानात त्या रॅकसमोर उभी राहून अनोळखी लोकांना सांगते, हा घ्या, हा माझ्या मुलीनं केलाय. मी लांब होते ती सगळी वर्षं ती चादरी धरून पुढे चालत होती, मागे चालत होती, आणि त्या चालण्याचं हे, हा कोपऱ्यातला हिरवा गोल, हे झालं. आणि मी तिला काय सांगू?

मी म्हटलं, "केलं गं. थोडं केलं."

"मग," ती म्हणाली, आणि दुसऱ्या डब्याचा कोपरा खरवडायला लागली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मला भूक लागलीय."

झालं. तिचा हात थांबला. जगात एवढी एकच गोष्ट आहे जिच्यापुढे आईचा हात थांबतो. डबा माझ्यासमोर सरकवला, चमचा पुसून दिला. "मग आधी नाही का बोलायचं? खा." आणि मी खाल्ला. मी. जेवणाची अफवा. भाताची वीट, तपकिरी डबकं, सगळं. ती समोर बसून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की माझ्या सगळ्या स्वयंपाकानं मिळून कधी आलं नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. पहिला ती खाते, दुसरा उघडायच्या आत मला भूक लागते. डॉक्टरांनी जे सांगितलं ते पाळण्याचा मला सापडलेला हा एकच मार्ग आहे, आणि तो कुठल्याही पुस्तकात नाही.

बरं चाललं होतं. एक दिवस आई दुकानातून आली आणि पिशवीतून डबे काढले. एक, दोन, तीन. मी म्हटलं, "तिसरा कुणाला?"

"अगं, माझा दुसरा तू खातेस रोज. मला दिसत नाही का? लाजून मागत नव्हतीस. हा तुझा."

तिचे दोन, माझा एक. परत तिथेच. मग मी काय केलं असेल? माझा खाल्ला, आणि म्हटलं, "आई, अजून भूक आहे."

म्हणजे आता मी रोज दोन खाते. मुळात मला खरंच आवडत नाहीत, पण हल्ली घरी काही शिजवलं तर मलाही वाटतं... काहीतरी कमी आहे. असो. उपाय मात्र लागू पडला. परवा डॉक्टरांकडे गेलो तर आईचं प्रेशर चक्क खाली आलेलं. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. "उत्तम," म्हणाले. तिच्या दंडाचा पट्टा सोडला. मग माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि तो पट्टा हातात तसाच उघडा धरून म्हणाले, "तुम्ही जरा बाही वर करता का?"